वाचकांचे प्रश्न : ओढ्यावर नववीचा वर्ग

परतीचा पाऊस ओसरू लागला की शाळांची पत्रं येऊ लागतात. बंधारा, खत आणि मेलेली रोपं हे विषय ठरलेले; यंदा गणपतीच्या मूर्तींचाही प्रश्न आहे. मुलांनीच पुढाकार घेतलेल्या कामांची पत्रं या वेळी निवडली आहेत.

प्रश्न : गावच्या ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे वाळू-मातीने भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, बांधायचं आम्ही ठरवलं आहे. ओढा 6 मीटर रुंद आहे. पोती किती लागतील? गेल्या वर्षीच्या मुलांनी घातलेला बंधारा आठ दिवसांत रिकामा झाला. तसं होऊ नये म्हणून काय करावं?
– विद्यार्थिनी, इयत्ता नववी, ता. खटाव

आधी पोत्यांचा हिशेब. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात सुमारे 35 लिटर माल मावतो, पण बंधाऱ्यासाठी पोतं दोन तृतीयांशच भरायचं, म्हणजे 23 लिटर. गच्च भरलेलं पोतं गोल राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही आणि फटींतून पाणी वाट काढतं. शिवाय 23 लिटर कोरडी वाळूसुद्धा 35 किलोच्या पुढे जाते. याहून जड पोतं दोन मुलांना झेपणार नाही. बंधाऱ्याची उंची 1 मीटर, तळाची रुंदी 2 मीटर आणि माथ्याची 60 सें.मी. धरा. सरासरी रुंदी 1.3 मीटर, लांबी 6 मीटर, म्हणून एकूण 7.8 घनमीटर, अर्थात 7800 लिटर. 23 ने भागलं की 340 पोती येतात. पात्र तळाशी अरुंद असतं म्हणून थोडी वाचतील, पण काठात घुसवायला तेवढी लागतीलच. फाटकी धरून 380 जमवा. बांधकामावरून पोती आणलीत तर ती वाऱ्याच्या दिशेने झटका, तोंडाला रुमाल बांधा. सिमेंटची धूळ डोळ्यांत जाऊ देऊ नका.

आता आठ दिवसांत पाणी का गेलं ते. बहुतेक वेळा बंधारा वरून फुटत नाही, पाणी खालून आणि बाजूंनी जातं. वाळू-गोट्यांवर नुसती पोती रचली तर पाणी त्या वाळूतून आरामात पलीकडे निघतं. म्हणून पात्राच्या पूर्ण रुंदीत किमान 30 सें.मी. खोल चर खणा, कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, आणि पहिला थर त्या चरात बसवा. दोन्ही काठांत 45 सें.मी. खाच घेऊन पोत्यांची टोकं आत घुसवा. पुढचे थर विटांच्या भिंतीसारखे सांधा मोडून रचा. पोत्याची तोंडं दाभण-सुतळीने शिवा आणि ती आतल्या बाजूला ठेवा. नुसती बांधलेली तोंडं पाण्याच्या दाबाने उघडतात. शेवटी पाणी अडतं त्या बाजूला चिकणमातीचा 15 ते 20 सें.मी. जाड लेप द्या आणि पायांनी तुडवून घट्ट करा. गेल्या वर्षी हा लेप राहिला असेल, अशी दाट शंका आहे. चर खणताना हातभर खाली गेलात तरी वाळूच लागत असेल, तर तिथे हट्ट धरू नका. थोडं वर किंवा खाली, पात्र अरुंद आणि काठ घट्ट असलेली जागा शोधा.

मधल्या दीड मीटर लांबीत वरचा एक थर कमी ठेवा. जास्तीचं पाणी वाहून जायला हाच सांडवा. जिथे पाणी पडेल तिथे सपाट दगड लावा, नाहीतर पडणारं पाणी पायथाच उकरून काढतं. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर हा योग्य काळ. आधी बांधलात तर एखाद्या रात्रीच्या पावसात सगळं वाहून जाईल. डिसेंबरात अडवायला धारच उरत नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पात्रात उतरू नका.

ग्रामपंचायतीला पत्र द्या, कृषी सहायकांना जागा दाखवा आणि वरच्या बाजूला काठाला ज्यांचं शेत आहे त्यांच्याशी बोला. साठलेल्या पाण्यात कोणी मोटर टाकायची नाही, हेही आधीच ठरवून घ्या. मागाहून हा वाद मुलांना मिटवता येत नाही.

पाणी जमिनीत मुरून कमी झालं तर बंधारा फसला असं समजू नका. काठाजवळची एक विहीर आणि लांबची एक विहीर निवडा आणि दर शनिवारी कठड्यावरूनच दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. लांबची विहीर झपाट्याने उतरत असताना जवळची टिकून असेल, तर बंधारा काम करतो आहे. विणलेलं प्लास्टिकचं पोतं उन्हाने कुजतं आणि उन्हाळ्याअखेर त्याच्या चिंध्या ओढ्यात जातात. म्हणून मेअखेर पोती काढून घ्यायची. बंधारा मोडायची तारीख बांधतानाच वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : 'विद्यार्थ्यांनी नेतृत्व करावं' असं परिपत्रकात असतं. प्रत्यक्षात सगळं शिक्षकांच्याच अंगावर पडतं. उपाय?
– मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

शाळांत पर्यावरण मंडळं चालवण्याची राष्ट्रीय हरित सेनेची योजना 2001 पासून आहे, आणि बऱ्याच शाळांत तिचा मंडळ-फलक भिंतीवर असतो, काम नसतं. कारण साधं आहे : मंडळात दहावीची मुलं घेतली जातात आणि दिवाळीनंतर ती अभ्यासाला लागतात. आठवी-नववीच्याच मुलांकडे काम द्या, दहावीची फक्त सल्ल्याला. सूत्रं जूनमध्ये नव्हे, जानेवारीत बदला, म्हणजे जुनी मुलं शाळेत असतानाच नवी शिकतात.

निर्णयही त्यांचेच असू द्या. कोणती जागा, किती पोती, कोणाला विचारायचं, कोणत्या शनिवारी काम नको हे मुलं ठरवतील. अर्ज तीच लिहितील आणि ग्रामसेवकांना तीच भेटतील. शिक्षकांनी पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी, पाण्याजवळची देखरेख आणि रोख पैसे एवढंच स्वतःकडे ठेवावं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा असते. मुलांना तिथे मत नाही, पण सरपंचांना आधी पत्र दिलं तर विहिरींचे आकडे मांडायला पाच मिनिटं मिळू शकतात. आकडे असले की गावकरी ऐकतात. घोषणांच्या प्रभातफेरीला सगळे माना डोलावतात, एवढंच.

प्रश्न : सीडबॉल, म्हणजे बी घालून केलेले मातीचे गोळे, फेकण्याचा कार्यक्रम घ्यावा का?
– पर्यावरण मंडळ, नाशिक

फोटो छान येतात. पण गवतात अडकलेला गोळा मातीला टेकत नाही, बी मुंग्या-उंदीर खातात, आणि उगवलेलं रोप पहिल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून जातं. तेवढ्याच बियांची शाळेत रोपवाटिका करा. बहाव्याचं बी कठीण कवचाचं असतं. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. कडुलिंबाच्या निंबोळ्या मात्र साठवू नका, दोन-तीन आठवड्यांत त्यांची उगवण घसरते. गोळा केल्या की पेरा.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) घरगुती मूर्ती नदीत न सोडता रसायनाने विरघळवायचं मुलांनी ठरवलं आहे. प्रमाण काय? नेहमीचा सोडा चालेल का?
– विज्ञान शिक्षिका, पिंपरी

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली ही पद्धत, आणि तिच्यात लागतं ते अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीत बिस्किटं फुगवायला वापरतात तीच पावडर. खायचा सोडा वेगळा. त्यात सोडियम असतं, त्यामुळे उरलेलं पाणी झाडांना घालता येत नाही.

मूर्तीच्या वजनाएवढी पावडर घ्यायची. 5 किलोची मूर्ती असेल तर 5 किलो पावडर आणि 25 लिटर पाणी. याहून कमी पाण्यात पावडर पूर्ण विरघळत नाही. मूर्ती पूर्ण बुडायला हवी. पिंप प्लास्टिकचं घ्या, तांब्या-पितळेचं अजिबात नको. ते दोन तृतीयांशच भरा, कारण फेस येतो. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून हे काम मोकळ्या जागेत करावं. हातमोजे आणि चष्मा लागेल, आणि तुम्ही समोर असायला हव्यात.

विरघळायला दोन-तीन दिवस लागतात, पण ढवळलं तरच. मूर्तीवर चुन्याच्या दगडाचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो आणि आतल्या प्लास्टरपर्यंत द्रावण पोचत नाही. दर दोन-तीन तासांनी लाकडी दांड्याने तो थर सुटा करायचा. ऑइलपेंटचा जाड लेप असेल तर कामाला आणखी वेळ लागतो. हार, वस्त्रं, दोरे, थर्माकोल आधीच काढून ठेवा.

शेवटी तळाशी पांढरा गाळ आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं. ते खत आहे, पण तीव्र : या प्रमाणात 25 लिटरमध्ये 4 किलोच्या आसपास. 1 लिटरला 50 लिटर साधं पाणी मिसळून शोभेच्या झाडांना द्या. रंगात काय असेल सांगता येत नाही, म्हणून भाजीपाल्याला नको.

हे सगळं करूनही आमचं मत असं, की मुलांनी मेमध्येच मूर्तिकाराकडे जाऊन सोसायटीच्या शाडूच्या मूर्तींची एकत्र नोंदणी करावी. शाडू घरच्या बादलीत विरघळते. गणपती तोंडावर आल्यावर गेलात, तर मूर्तिकाराकडे असेल तेच घ्यावं लागतं.

प्रश्न : पोषण आहाराचं उरलेलं अन्न आणि पालापाचोळा यांचं खत करतो. जुलैत ढिगाला घाण वास येऊन अळ्या पडल्या आणि मुलं जवळ जाईनात.
– शिक्षक, जुन्नर

जुलैत तुमच्याकडे कोरडा पाला नव्हता, हेच कारण. पानगळ होते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि खिचडी उरू लागते जूनपासून. मार्चमध्येच पाला पोत्यांत भरून छपराखाली ठेवायला हवा. तो संपला तर उसाचं पाचट बारीक करून किंवा वखारीतला भुस्सा वापरा. एक बादली अन्नाला तीन बादल्या चुरलेला पाला हे प्रमाण. जाळीचा 3 फूट व्यासाचा, 4 फूट उंच पिंजरा करा, वर पावसासाठी पत्रा टाका.

वासावरून दोष ओळखता येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर ढीग ओला आहे, हवा नाही : पाला घाला, उलथा. अमोनियासारखा झोंबला तरीही पालाच कमी पडला आहे. मूठभर माल दाबल्यावर बोटांतून एखादा थेंब यावा, धार नको. अन्न रोज पाल्याच्या दोन इंच थराखाली झाकलं की माश्या बसत नाहीत आणि अळ्याही होत नाहीत. चार-पाच दिवसांनी लोखंडी सळई ढिगात पाच मिनिटं खुपसून काढा. हाताला गरम लागली तर ढीग चालू आहे. दर दहा-बारा दिवसांनी उलथलं तर साधारण तीन महिन्यांत खत तयार होतं. खात्रीसाठी चाळलेलं खत निम्मी माती मिसळून कुंडीत घाला आणि मेथीचे दहा दाणे पेरा. आठ उगवले तर खत पिकलं. नाहीतर महिनाभर थांबा.

प्रश्न : दरवर्षी जूनमध्ये 50 झाडं लावतो, पुढच्या जूनला पाच-सहा दिसतात.
– विद्यार्थी मंडळ, ता. पारनेर

तुम्ही 50 लावता हीच अडचण. मे महिन्यात जितक्या झाडांना पाणी घालता येईल तितकीच लावा. तुमच्या भागात ती 15 असतील. खड्डे एप्रिलमध्येच 45 सें.मी. लांब-रुंद-खोल खणा, वरची माती वेगळी ठेवा आणि भरताना तीच आधी तळाशी, शेणखत मिसळून, घाला. पिशवीतल्या रोपाची मुळं तळाशी गुंडाळलेली असतील तर तेवढा वेढा धारदार पात्याने कापून टाका, नाहीतर ती गोलगोलच वाढतात आणि झाड दोन वर्षांनी वाऱ्याने पडतं. करंज, कडुलिंब, आपटा, सीताफळ निवडा. शेळ्यांसाठी बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण करा. सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही, तिथे फांद्या वाचवता येतील.

उन्हाळ्यासाठी प्रत्येक रोपाशेजारी बिनचकाकीचं 5 ते 7 लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि वर झाकणी ठेवा. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा भरलं तरी पुरतं. बुडाला छिद्र पाडून वात घालायची पद्धतही आहे, पण वातीत माती अडकते. सुट्टीतली पाळी गावातच राहणाऱ्या मुलांना द्या, मामाच्या गावी जाणाऱ्यांना नको. आणि प्रत्येक झाडाला दोन मुलं, वेगवेगळ्या घरांतली.