सतरा एक्के आणि एक्सेल: आधी शेवटचे दोन अंक बघा

ताई, मुलाच्या प्रदर्शनासाठी 11111111111111111, म्हणजे सतरा एक्के, ही संख्या मूळ आहे का ते तुम्ही विचारलंय, आणि एक्सेलमध्ये तिला 2 नेही भाग जातोय आणि 5 नेही. वाचलं आणि पोटात गोळाच आला. इथे इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी, मुलीच्या प्रकल्पात नेमकं हेच झालं होतं.

त्या खान्यावर क्लिक करा आणि वरच्या पट्टीत आकडा नीट वाचा. तिथे 11111111111111100 दिसेल. एक्सेल पंधराच अंक धरतं, पुढच्यांचे शून्य करतं, आणि तसं सांगतही नाही. शेवटी 1 असलेल्या संख्येला 2 किंवा 5 ने भाग जाणं शक्यच नाही, पण आम्ही संख्येकडे न बघता उत्तराकडे बघत बसलो आणि फलक रंगवून जमा केला. दुसऱ्या दिवशी चूक कळली. स्पर्धेच्या कार्यालयात तीन खेटे घातले, तर एकच उत्तर: जमा झालेलं बदलता येत नाही. मुलगी दुरुस्तीचा कागद हातात घेऊन उभी होती, तो कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. गणिताच्या स्पर्धेत चूक स्वतः शोधणाऱ्या मुलाला असं परत पाठवणं मला आजही पटत नाही.

असो. खाना मजकूर म्हणून ठेवला तर अंक टिकतात, पण हिशेब होत नाही. सरळ पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा घ्या, त्यात पूर्णांक कितीही मोठा चालतो. फक्त एका तिरप्या रेघेचा (/) भागाकार करू नका, तो पुन्हा दशांशात नेऊन अंक खातो. बाकी काढणारं टक्क्याचं चिन्ह (%) वापरा.

वर्गमूळ साडेदहा कोटींच्या आसपास आहे, तिथपर्यंत एकेक संख्या तपासायची गरज नाही. या संख्येची नऊपट म्हणजे 10 चा सतरावा घात वजा 1. त्यामुळे फर्मा या गणितज्ञाच्या नियमाने हिचा प्रत्येक मूळ अवयव 34 च्या (17 च्या दुपटीच्या) पटीत 1 मिळवून येतो. मुलाला आधी पाच एक्क्यांवर करून दाखवा: तिथे 10 च्या पटीत 1, म्हणून 11, 31, 41 असं बघत जायचं, आणि 41 ला जमतं (41 × 271). सतरा एक्क्यांत 34 × 60933 + 1 ला गाडी थांबते:

2071723 × 5363222357

दोन्ही मूळ. म्हणजे संख्या मूळ नाही, आणि विभाजक चारच. एक्क्यांची संख्या 17 ही मूळ आहे म्हणून आकडाही मूळच, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एकोणीस एक्के मात्र खरोखरच मूळ आहेत.

मी गणिताची प्राध्यापक नाही, हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेलं, तेव्हा शिक्षकांनाही एकदा दाखवा. तुमच्याकडे गुजराती माध्यमात काय शब्द आहे माहीत नाही. इथल्या हिंदी पुस्तकांत मूळ संख्येला अभाज्य म्हणतात, आणि परीक्षक मराठी नसेल तर फलकावर त्याचाही शब्द लिहा. जागा उरली तर देवळालीचे गणिती कापरेकर मास्तर, त्यांच्या डेम्लो संख्या घ्या, 111 चा वर्ग 12321 वगैरे. पण आधी वरचा 2071723 चा गुणाकार मुलाला कागदावर, हाताने करू द्या. आमच्या मुलीने केला तेव्हा पान भरलं होतं, आणि शेवटच्या ओळीत सतराच्या सतरा एक्के उतरले.