‘सगळ्या मुलांची सोनोग्राफी करून घ्या’

जन्म देणारी आई किंवा वडील आजारी आहेत असं कळलंय. भेटायला जावं का, आणि गेलं तर सांभाळलेल्या आईला काय वाटेल? ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण तिशी-चाळिशीचे असतात. विचारताना आवाज मात्र लहान मुलासारखा होतो. त्यांच्यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

ती ४१ वर्षांची, पाचपाखाडीत राहणारी. तिला जन्म दिला मामीने. तीन महिन्यांची असताना मामाच्या बहिणीने आणि तिच्या यजमानांनी तिला दत्तक घेतलं. तेच तिचे आई-बाबा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलायचं मात्र कुणी नाही. तिला कळलं सोळाव्या वर्षी, आजीच्या दहाव्याला आलेल्या बायकांच्या कुजबुजीतून. तिने विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. मामी मामीच राहिली.

मग एके दिवशी कोपरखैरण्याहून मामेभावाचा फोन आला. मामीच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डायलिसिस सुरू होतं. मूळ आजार पॉलिसिस्टिक किडनीचा. यात किडनीभर पाण्याच्या गाठी होत जातात, आणि तो बहुतेकदा आनुवंशिक असतो. आई-वडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. दादा म्हणाला, “डॉक्टरांनी सांगितलंय, सगळ्या मुलांची सोनोग्राफी करून घ्या. तू पण करून घे.”

“सगळ्या मुलांची,” ती माझ्यासमोर बसून तीनदा म्हणाली. “पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या घरच्या मुलांत मोजलं, तेही तपासणीसाठी. उद्या किडनी मागितली तर?”

हा संशय अनेकांना येतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी तिला म्हटलं, आधी सोनोग्राफी करून घे. ती तुझ्या तब्येतीसाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. तिथे कुणी किडनीचं नावही काढलेलं नाही. काढलं तरी कायद्याने दान स्वेच्छेनेच करता येतं, आणि तुला नाही म्हणता येतं.

रिपोर्ट स्वच्छ आला. चाळिशीनंतर सोनोग्राफीत काही दिसलं नाही, तर हा आजार नसल्यातच जमा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला वाटलं, सुटली. पण ती ढसाढसा रडली. “म्हणजे तिचं माझ्यात एवढंही नाही.” या कामात इतकी वर्षं काढूनही हे वाक्य मला अपेक्षित नव्हतं. राग होता त्याच्याखाली काय होतं, ते तिलाही तेव्हाच कळलं.

जायचं ठरलं. पण आईला न सांगता जायचं, असा तिचा हट्ट होता. इथे मी ठाम राहिले. चोरून केलेली भेट उघडी पडतेच, आणि मग आईला भेटीपेक्षा लपवणं जास्त लागतं. तिने सांगितलं. आई दोन दिवस नीट बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच माझ्याकडे आली. सत्तरीची बाई, पर्स मांडीवर घट्ट धरून. म्हणाली, “वहिनीने परत मागितली तर?”

ही भीती मुलीचं वय मोजत नाही. मी कुठलंही तत्त्वज्ञान सांगितलं नाही, कायदा सांगितला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. ना तुम्हाला, ना जन्मदात्यांना, ना मुलीला. त्या दिवसापासून ती तुमचीच. जन्मघराशी कायद्याचे संबंध संपतात, फक्त लग्नासाठी जन्माची नाती निषिद्ध राहतात ती राहतातच. दत्तकपत्र नोंदवलेलं आहे का, विचारलं. होतं. (अनेक घरांत नसतं, ‘घरातलंच तर आहे’ म्हणून, आणि वारसाहक्काच्या वेळी धावाधाव होते.) पर्सवरचे हात थोडे सैल झाले आणि मग खरं ते बाहेर आलं. “आमच्या आईने ठरवलं होतं. याला तिसरं झालंय, तुला एकही नाही, घेऊन जा. वहिनीला विचारलं का, ते मी कधीच विचारलं नाही.”

आजारपणाला घड्याळ असतं, म्हणून माणसं एका भेटीत सगळं उरकायला बघतात: जाब, माफी, ‘आई’ म्हणणं. मी तिच्याशी एवढंच ठरवलं की पहिली भेट एक तासाची. डायलिसिस साधारण चार तास चालतं, आठवड्यातून तीनदा; तेव्हा माणूस एका जागी असतं आणि भेट आटोपती घेता येते. मामीला मामीच म्हणायचं. ‘मला का दिलंस’ हा प्रश्न न्यायचा नाही असं नाही, पण त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे असं धरून जायचं नाही. पैशाचा विषय निघाला तर झेपेल तो आकडा आधी ठरवून एकदाच सांगायचा.

ती ठाण्याहून वाशी लोकलने गेली. उतरल्यावर रीतीप्रमाणे दोन शहाळी घेतली. दादाने दारातच थांबवलं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम फार, किडनीच्या पेशंटला ते चालत नाही. त्यामुळे रिकाम्या हातांनी जाऊन बसावं लागलं. मामीने डोळे उघडले आणि विचारलं, “रिपोर्ट आला का?”

“आला. काही नाही निघालं.”

“बरं झालं. माझं काही तुला लागलं नाही.”

ती परत येऊन मला म्हणाली, मी ज्याच्यासाठी रडले, त्याच्यासाठीच तिने देवाला हात जोडले असतील.

‘का दिलंस’ हे तिने चौथ्या भेटीत विचारलं. मामीने कारण दिलं नाही. एवढंच म्हणाली, “तुला नेल्यावर आठ दिवस तापाने फणफणले होते. दूध साठून.” त्यापुढे तिने विचारलं नाही. ते उत्तर पुरलं का? पूर्ण नाही. ती अजूनही माझ्याकडे येते, आणि काही शनिवारी कोपरखैरण्याला जायचं टाळते. जाऊ नये असं वाटलं तर नाही जायचं, हेही आम्ही ठरवलेलं आहे.

संस्थेतून दत्तक गेलेल्यांचा मार्ग वेगळा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांना स्वतःच्या जन्माचा शोध घेण्यासाठी दत्तक संस्थेकडे किंवा केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, रीतसर मागणी करता येते. मूल सोपवताना जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल, तर त्यांची संमती घ्यावी लागते. तुमच्या वतीने तिसऱ्याने शोध घेणं नियमात बसत नाही. म्हणून खासगी माणूस नेमून कुणाच्या दारात उभं राहू नका. त्या दाराआड असं घर असू शकतं, ज्याला यातलं काहीच माहीत नाही.

इकडे आईने आहारतज्ज्ञाचा कागद मागवून घेतला. बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं, मीठ बेताचं. गेल्या शनिवारी मुलगी निघाली तेव्हा ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता. “वहिनीला सांग,” आई म्हणाली, “अळणी लागेल, पण मी केलंय.”