फाट्यावर माणसं मरतात, निधी कुठून आणायचा?

प्रश्न : आमच्या गावचा फाटा राज्य महामार्गावर आहे. तीन वर्षांत तिथे चार अपघातांत चार जण गेले. ग्रामपंचायतीने दोनदा गतिरोधक मागितला, ‘निधी नाही’ असं उत्तर आलं. हा पैसा मिळतो तरी कुठून?
– ग्रामपंचायत सदस्य, जि. वर्धा

उत्तर : रस्ता ज्याचा, खर्च त्याचा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. तुमचा दगड हिरवा, म्हणजे काम सार्वजनिक बांधकाम विभागाचं.

नुसत्या अर्जाने ते हलत नाही. जागा ‘अपघातप्रवण स्थळ’, म्हणजे ब्लॅक स्पॉट ठरली की प्रस्तावाला जोर येतो. केंद्राचा निकष असा : साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर एकूण 10 मृत्यू.

तुमचे चार मोजले, पण जखमींचे अपघात मोजले का? हाड मोडलं तरी कायद्याने ती गंभीर दुखापत. ट्रॅक्टरवाल्याने दवाखान्याचा खर्च दिला, मामला गावातच मिटला, की ठाण्यात नोंद होत नाही आणि निकषाला एक अपघात कमी पडतो. गावांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. मृत्यूंचंही तसंच. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला नेलेला जखमी बाराव्या दिवशी दगावला तरी तो अपघाती मृत्यूच. मुदत अपघातापासून 30 दिवसांची आहे. कागदावर मात्र तो ‘जखमी’च राहून जातो. ही दुरुस्ती करून घ्या.

ठाण्यातून प्रत्येक अपघाताचा गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ आणि जागा मिळवा. लागल्यास माहिती अधिकारात मागा. ‘गावाजवळ’ एवढंच लिहिलेलं असेल तर 500 मीटरचा पट्टा जुळवता येत नाही, म्हणून दगडावरचा किलोमीटर सोबत जोडा. ही यादी आणि ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या, प्रत कार्यकारी अभियंत्यांना. ठरावात फक्त गतिरोधक मागू नका. भरधाव रस्त्यावर अंधारात तोच दुचाकीस्वाराला पाडतो. संयुक्त पाहणी, रंबल पट्ट्या (गाडी खडखडवून चालकाला सावध करणारे बारीक आडवे उंचवटे), आधीच दिसणारा फलक, रिफ्लेक्टर आणि दिवे मागा. दिवे आमदार निधीतूनही होतात, पण वीजबिल कोण भरणार ते आधी ठरवा. नाहीतर खांब उभा आणि फाटा अंधारात.

प्रश्न : तोवर ग्रामपंचायतीने काय करावं?

उत्तर : महामार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यावर गतिरोधक घाला. रस्ता जिल्हा परिषदेचा असेल तर आधी परवानगी घ्या. खर्च वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या निधीतून बसतो, मात्र काम गावविकास आराखड्यात असायला हवं. गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्ये 10 सेंमी उंच, वर पांढरे पट्टे, 40 मीटर आधी फलक. उरलेल्या डांबराचा फूटभर उंचवटा टाकू नका, त्याने मोटारसायकल उडते. आणि फाट्यालगतच्या कास्तकाराशी बोला : कोपऱ्यावरच्या धुऱ्याशी तूर, पऱ्हाटी नको, सोयाबीन किंवा हरभरा घ्या. उंच पिकाआडून येणारा ट्रक दिसत नाही.