हायस्कूल बास्केटबॉलमध्ये सामन्याला 25 गुण काढणारा 6 फूट 6 इंचांचा फॉरवर्ड (रिंगजवळ आणि कडेने खेळणारा उंच खेळाडू) अमेरिकेत कॉलेजला घेण्याजोगा आहे का, हे कसं ओळखायचं?

गुणांवर जाऊ नका. समोरचा सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा सहसा सर्वात उंच खेळाडू, 6 फूट 3 इंचांचाच असेल, तर कुणीही उंच मुलगा रिंगखाली 25 गुण काढेल. मी आधी बघतो तो बचाव: चपळ गार्डसमोर (चेंडू पुढे नेणाऱ्या, सहसा कमी उंचीच्या खेळाडूसमोर) त्याचे पाय सरकतात का? कॉलेजात पहिल्या वर्षी बहुतेक फॉरवर्ड इथेच उघडे पडतात.

मग हातांची लांबी आणि रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेला चेंडू पकडणं. पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा स्टार झालेल्या कवाय लेनर्डचं उदाहरण घ्या. 2009 मध्ये तो कॅलिफोर्नियातला ‘मिस्टर बास्केटबॉल’, म्हणजे राज्यातला सर्वोत्तम हायस्कूल खेळाडू होता, तरी नावाजलेल्या कॉलेजांऐवजी सॅन डिएगो स्टेटला गेला. तिथे त्याचा लांबचा नेम कच्चाच होता. पण सामन्याला सुमारे 10 रिबाउंड, पसरलेले लांबच लांब हात आणि चेंडू हिसकावण्याची ओढ पहिल्या वर्षापासून दिसत होती. नेम नंतर मेहनतीने सुधारला. हात काही मेहनतीने लांब होत नाहीत!

नेमबाजीबद्दल एक गोष्ट: हायस्कूलची तीन गुणांची रेषा 19 फूट 9 इंचांवर असते, मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलची 22 फूट पावणेदोन इंचांवर. म्हणून त्याच्या तीन गुणांच्या फेकींच्या टक्केवारीपेक्षा फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीची) टक्केवारी मला जास्त भरवशाची वाटते. तिथे बचाव नाही, अंतर ठरलेलं, हाताची लय स्वच्छ दिसते.

आणि शक्यतो उन्हाळ्यातल्या एएयू स्पर्धेत (शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या स्पर्धेत), तोडीस तोड मुलांविरुद्ध त्याला बघा. चेंडू हातात नसताना तो काय करतो, तेवढंच दहा मिनिटं पाहत राहा.