काळ्या मातीत मोगरा लावण्याआधी
चिकट काळी माती ओली असताना कुदळ अजिबात लावू नका. ढेकळं वाळून विटेसारखी होतात. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कंबरेच्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आलाय, म्हणजे माती खणण्याजोगी झालीय; चपटा झाला तर थांबा. थोडीशी वाळू मिसळून काही साधत नाही. दर चौरस मीटरला ५-६ किलो कुजलेलं शेणखत वरच्या वीतभर थरात मिसळा, २० सेंमी उंच गादीवाफा करा. नुसता खड्डा खणून पोयटा (गाळाची भुसभुशीत माती) भरलात, तर पावसाळ्यात त्याचा हौद होतो. मुळं कुजून पानं पिवळी पडतात. बरेच जण तेव्हा खत घालतात. आधी पाण्याला वाट द्या! उन्हाळ्यात भेगा मुळं तोडतात, म्हणून पालापाचोळ्याचं ५-७ सेंमी आच्छादन हवंच, खोडापासून चार बोटं लांब. जिप्सम घालायचं ते फक्त चोपण (सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत, तेही माती तपासून.