बाबांचा नाण्यांचा डबा विकायचा का?

माझ्याकडे वरचेवर येणारा प्रश्न आहे हा. घर बदलायचंय, जागा कमी, आणि घरातलं म्हातारं माणूस एखादी पेटी नाहीतर डबा सोडायला तयार नाही, मग मुलं विचारतात की हा काही आजार आहे का. गेल्या वर्षी आलेल्या एका घराबद्दल लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा चाळीशीचा, वडील एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बिस्किटाचे तीन पत्र्याचे डबे भरून जुनी नाणी. मुलाने मोबाईलवर बघितलं की जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, फोन केला, त्यांनी आधी दोन हजार रजिस्ट्रेशन फी मागितली, याने भरली आणि नंबर बंद. (हे फार जणांच्या बाबतीत होतंय, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की आमच्या नावाने जुनी नाणी-नोटा घेतो म्हणून कोणी फी मागितली तर ते फसवतायत, तेव्हा कृपा करून कोणीही आधी पैसे भरू नका.) मग एका खऱ्या व्यापाऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला सगळे मिळून साडेचार हजार. त्यावर मुलाचं म्हणणं, विकूया म्हटलं तर एवढ्यासाठी बाबा दोन दिवस जेवले नाहीत, यांना काहीतरी झालंय.

आधी आजाराचं सांगते. वस्तू साठवायचा विकार खरंच असतो, 2013 पासून डॉक्टरांच्या यादीत तो वेगळा नोंदवलाय. पण त्यात घर वापरता येईनासं होतं, पलंगावर झोपायला जागा उरत नाही, ओट्यापर्यंत जाता येत नाही, काय कुठे आहे ते त्या माणसालाही माहीत नसतं. या कंडक्टर काकांची तीन पैशांची वेगळी, दहा पैशांची नागमोडी कडेची वेगळी, कमळाची पितळी वीस पैशांची वेगळी, सगळ्या दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत बांधलेली. हा विकार नाही हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

आपल्या हातात आलेली वस्तू आपल्याला महागच वाटते, हे पण माणसाचंच आहे. थेलर, कानमन आणि नेच या तिघा संशोधकांनी 1990 साली एक प्रयोग छापला, कॉफी प्यायचे साधे मोठे कप अर्ध्या लोकांना वाटून दिले, तर ज्यांना मिळाले ते विकायला जी किंमत मागत होते ती बाकीचे द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट. आणि ते कप हातात येऊन थोडाच वेळ झालेला! इथे पन्नास वर्षं.

पुढच्या वेळी काकांना म्हटलं, एक डबा घेऊन या, आणि मुलाला सांगितलं की आज किमतीचं बोलायचं नाही, फक्त कुठून आलं ते विचारायचं. काकांनी बराच वेळ शोधून एक चौकोनी नाणं काढलं, दोन आण्याचं, बैल असलेलं, 1954 चं. व्यापारी याला पन्नासएक रुपये म्हणाला होता.

काका नोकरीला नवीन, चिपळूण-कराड गाडी, हेळवाकला एक म्हातारी चढली, दवाखान्यात लेकीला बघायला निघालेली. पदराची गाठ सोडून तिने पैसे मोजले त्यात हे नाणं. आणे बंद होऊन कित्येक वर्षं झालेली, तिला पत्ताच नाही. "चालत नाही म्हणालो असतो तर ती पाटणला उतरून चालत गेली असती हो, माझी आई पण असंच गाठीत बांधून ठेवायची." त्यांनी आपल्या खिशातले पैसे पिशवीत टाकले, चिमट्याने तिकीट पंच करून तिच्या हातात दिलं आणि चेकर आला तर उगाच चौकशी नको म्हणून नाणं कराडपर्यंत बुटात ठेवलं. म्हणाले, त्याला मशेरीचा वास होता, आठवडाभर गेला नाही.

मुलगा हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने ते नाणं नाकाला लावून बघितलं, आणि मला खरंच भरून आलं.

मग मी त्यांना एकच काम दिलं, रोज संध्याकाळी दोघांनी बसायचं, काका सांगतील, मुलगा चिठ्ठीवर लिहील आणि नाण्याबरोबर ठेवेल. ज्याचं काही आठवत नाही ते बाजूला. अशा वेळी घरच्यांनी स्वतः निवड करू नये असं माझं ठाम मत आहे, ज्याची वस्तू त्यानेच वेगळी काढायची, मग कितीही वेळ लागो. काकांना दोन महिने लागले. दोन डबे त्यांनी आपणहून व्यापाऱ्याकडे पाठवले, कारण त्यातली नाणी नुसतीच कंडक्टरच्या पिशवीतून उचललेली निघाली, आणि एक डबा नव्या घरी गेला.

परवा मुलाचा फोन आला होता. एकोणचाळीस चिठ्ठ्या झाल्यात, एका चार आण्याबद्दल मात्र बाबा म्हणतात, ते तुझी आई गावाहून आली की तिच्यासमोर सांगतो.