क्रूझ संपल्यावर ग्रीसमधले प्राचीन अवशेष बघायला ३-४ दिवसांची गाईडेड टूर घ्यावी का?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की ७ रात्रींची ग्रीक बेटांची क्रूझ पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, संपते, पुढे हातात चार दिवस आहेत, सोबत ६८ वर्षांची आई आहे, तर टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं, आणि पडके खांबच बघायचेत तर त्यावर एवढे पैसे घालावेत का. आम्ही मागच्या मे महिन्यात जवळपास हेच केलं, मी, बायको आणि आई. आई ७० ची आहे आणि तिच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे तुमची काळजी नेमकी कळतेय.

माझं उत्तर सरळ आहे, टूर घ्याच, पण निवडताना दोन गोष्टी बघा. ठिकाणं कमी असावीत आणि निदान दोन रात्री अथेन्सच्या बाहेर मुक्काम असावा. बाकी हॉटेल किती स्टार, जेवण इन्क्लुडेड आहे का, हे सगळं नंतर.

आधी क्रूझवर काय होतं ते सांगतो म्हणजे मी असं का म्हणतोय ते कळेल. आमचं जहाज क्रीटला हेराक्लिओनला थांबलं, तिथून क्नोसॉसचा राजवाडा बघायला बसने नेलं, साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जागा, आणि आम्हाला आत मिळाला जेमतेम सव्वा तास, पुढे मागे दहा ग्रुप, सगळ्यांच्या हातात नंबरची पाटी. लाल रंगाचे खांब बघून आम्ही फोटो काढले आणि नंतर जहाजावर वाचलं की ते खांब आर्थर इव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० नंतर उत्खनन करताना स्वतःच्या अंदाजाने काँक्रीट वापरून उभे केलेत. जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे तिथे उभं असताना आम्हाला कळलंच नव्हतं याचं मला फार वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन आपण नक्की काय बघितलं असं झालं. तेव्हाच ठरवलं की पुढचे चार दिवस तरी सावकाश.

आमची टूर १४ जणांची होती, मिनीबस, चारही दिवस एकच गाईडबाई. ग्रीसमध्ये अशा जागांवर गाईड म्हणून बोलायला सरकारी परवाना लागतो, आणि आमच्या बाई पुरातत्त्व शिकलेल्या होत्या, इंग्रजी सावकाश आणि स्वच्छ बोलायच्या. बुकिंग करताना 'लायसन्स्ड गाईड' आहे की नुसता 'टूर एस्कॉर्ट' हे विचारून घ्या, हा फरक मोठा आहे, एस्कॉर्ट तुम्हाला गेटपर्यंत नेतो आणि दोन तासांनी भेटू म्हणतो.

पहिल्या दिवशी काही मोठं ठेवू नका. जहाजावर आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला लावतात आणि सकाळी आठ-नऊपर्यंत तुम्ही खाली उतरलेले असता, हॉटेलची रूम मात्र दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. आम्ही बॅगा हॉटेलात टाकल्या आणि थेट अॅक्रोपोलिस म्युझियममध्ये गेलो, अथेन्सच्या मधल्या प्राचीन मंदिरांच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या. एसी आहे, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, आणि वरच्या मजल्यावर पार्थेनॉनवरच्या, म्हणजे टेकडीवरच्या अथीना देवीच्या मोठ्या मंदिरावरच्या, शिल्पपट्ट्या मूळ मंदिराच्याच मापात आणि दिशेत लावल्यात, समोरच्या काचेतून टेकडीवर खरं मंदिर दिसतं. काही तुकडे मधाच्या रंगाचे, काही पांढरेशुभ्र. पांढरे ते प्लास्टरचे, कारण त्यांचे मूळ तुकडे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने १८०१ पासून काढून नेलेले आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेतलेले. खालच्या मजल्यावर खांबांऐवजी छप्पर तोलणाऱ्या त्या बायकांच्या मूर्ती आहेत, कॅरिअॅटिड म्हणतात त्यांना, एकूण सहा, त्यातल्या पाच इथे आणि सहावी लंडनला, तिची जागा त्यांनी रिकामी ठेवलीय. आई त्या रिकाम्या जागेपाशी बराच वेळ उभी होती. आधी म्युझियम आणि मग टेकडी हा क्रम आम्हाला फार उपयोगी पडला, वर गेल्यावर काय कुठे होतं ते डोक्यात तयार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठचा स्लॉट होता. अॅक्रोपोलिसला आता ठरावीक वेळेचंच तिकीट मिळतं, दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा आहे आणि २०२५ पासून तिकीट ३० युरो झालंय. जुन्या व्हिडिओंमध्ये जे सात जागांचं कॉम्बो तिकीट सांगतात ते आता बंद आहे, त्यामुळे तो हिशोब धरू नका. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने कुठल्याशा वेबसाईटवरून 'लाईन लावावी लागणार नाही' असं वाचून वेगळी टूर घेतली होती, आणि प्रत्यक्षात त्यांच्या नावावर स्लॉटच नव्हता, अकरा वाजेपर्यंत उन्हात उभे होते बिचारे. म्हणून तिकीट टूरमध्ये धरलंय का आणि किती वाजताचं, हे लेखी मागा.

वर गेल्यावर बाईंनी आधी तारखा सांगितल्या नाहीत. मंदिराच्या कोपऱ्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, वाका आणि पायरीच्या कडेवरून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. बघतो तर पायरी सरळ नाहीच, मध्ये उचललेली आहे, लांबीच्या बाजूला साधारण ११ सेंटीमीटर. खांबही आत कललेले आणि मध्ये किंचित फुगीर. म्हणजे जी इमारत आपण सरळ रेषांची समजतो तिच्यात सरळ रेष जवळपास नाहीच, प्रत्येक दगड त्याच्या एकाच जागी बसेल असा वेगळा घडवलेला. आणि हे सगळं इ.स.पू. ४४७ ते ४३२ एवढ्या वेळात. दोन हजार वर्षं ते बऱ्यापैकी शाबूत होतं, आधी मंदिर, मग चर्च, मग मशीद, आणि १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा भरून ठेवलेला असताना व्हेनिसच्या तोफेचा गोळा पडला आणि मधला भाग उडाला. आजचे पडके खांब म्हणजे काळाने झिजलेली गोष्ट नाही, एका संध्याकाळच्या स्फोटाची आहे. मला हे आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर मी ते खांब वेगळ्याच नजरेने बघायला लागलो.

तिथे क्रेन आणि परांची दिसली तर नाराज होऊ नका, ते काम बघण्यासारखं आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत साधे लोखंडी आकडे घातले होते, ते गंजून फुगले आणि संगमरवर तडकला, प्राचीन कारागिरांनी मात्र लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं म्हणून त्यांचे आकडे टिकले. आता जुने काढून टायटॅनियमचे घालतायत आणि तुटलेल्या दगडाला त्याच पेंटेली डोंगराचा नवा पांढरा तुकडा जोडतायत, जुनं-नवं ओळखू यावं म्हणून रंग तसाच ठेवलाय. क्नोसॉसला जे खटकलं होतं त्याचं उत्तर मला इथे मिळालं.

आईसाठी एक सांगतो, वरचा संगमरवर लाखो पायांनी गुळगुळीत झालाय, कोरडा असला तरी पाय सरकतो, रबरी सोलचे बूटच हवेत, चप्पल-सँडल नको. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी उत्तरेच्या बाजूला लिफ्ट आहे, आणि वर काही भागात सपाट रस्ताही केलाय. लिफ्ट सरसकट सगळ्यांना नाही, म्हणून टूरवाल्यांना आधीच सांगून ठेवा. आम्ही आग्नेयेकडच्या गेटने, डायोनिससच्या नाट्यगृहाजवळून चढलो, तिकडे गर्दी कमी असते.

दुपारी निघालो, वाटेत कोरिंथच्या कालव्यावर दहा मिनिटं थांबलो आणि संध्याकाळी नाफ्प्लिओला मुक्काम. समुद्रकाठचं छोटं गाव, स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी, अथेन्सच्या आधीची. रात्री तिथल्या दगडी गल्ल्यांमधून आई एकटीच फेरी मारून आली यातच सगळं आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायसिनी. सिंहद्वार, म्हणजे दोन सिंहिणी कोरलेलं दार, इ.स.पू. १२५० च्या आसपासचं, आणि भिंतीचे दगड एवढे मोठे की नंतरच्या ग्रीकांनाच वाटायचं या भिंती एकाक्ष राक्षसांनी रचल्या असतील. १८७६ मध्ये श्लीमान या जर्मन उत्खनकाला इथे सोन्याचा मुखवटा मिळाला, त्याने तो ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांच्या राजाचा, अॅगमेम्नॉनचा मानला, पण तो ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ धरतात त्याच्याही तीनेकशे वर्षं आधीचा निघाला. मुखवटा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आमचं ते राहिलं, तुम्ही शक्य असेल तर करा. किल्ल्याचा चढ आई अर्धाच चढली. पण खाली रस्त्याजवळच जी घुमटाकार कबर आहे तिथे चढ नाही. चुना नाही काही नाही, दगडाचे थर एकावर एक थोडे थोडे आत सरकवत नेलेत आणि दारावरचा आतला एकच दगड साधारण १२० टनांचा. आत गेल्यावर थंड अंधार आणि आपल्याच पावलांचा आवाज चहूबाजूंनी परत येतो. आमच्या ग्रुपमधली सगळी माणसं आपोआप गप्प झाली होती.

मग एपिडॉरस. ५५ ओळींचं, साधारण १४,००० माणसं बसतील असं नाट्यगृह. सगळीकडे वाचाल की मध्यभागी नाणं टाकलं तरी शेवटच्या ओळीत ऐकू येतं. काही वर्षांपूर्वी डच संशोधकांनी मोजमाप घेऊन सांगितलं की आवाज वरपर्यंत जाणवतो, पण तो नाण्याचा आहे हे साधारण अर्ध्या ओळींपर्यंतच ओळखू येतं, मोठ्याने बोललेलं मात्र शेवटपर्यंत कळतं. ते आम्ही अनुभवलं. आई खाली मधल्या गोल दगडावर उभी राहिली आणि तिने 'शुभं करोति' म्हटलं, ओरडून नाही, घरी दिव्यासमोर म्हणते त्यापेक्षा थोडं मोठ्याने. मी बऱ्याच वरच्या ओळीत होतो, मला शब्द न् शब्द कळला. शेजारचं हॉटेल-हॉस्पिटलसारखं आवार बघायला विसरू नका, अॅस्क्लेपिअस या वैद्यकाच्या देवाचं ते ठाणं, रोगी तिथे रात्री झोपायचे आणि स्वप्नात देव येऊन उपाय सांगेल म्हणून वाट बघायचे. नाटक आणि उपचार एकाच आवारात ही कल्पनाच मला फार आवडली.

तिथून डेल्फीचा, म्हणजे अपोलो देवाच्या प्राचीन तीर्थस्थानाचा, प्रवास लांब आहे, चारेक तास, तेवढा एक दिवस जड जातो. पण मुक्काम डेल्फीलाच करा. अथेन्सहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या टूर भरपूर आहेत, १८० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, म्हणजे तुम्ही ऐन उन्हात आणि ऐन गर्दीत तिथे पोचणार. आम्ही सकाळी आठला गेटवर होतो, पार्नासस डोंगराची सावली अजून उतारावर होती, खाली दरीभर ऑलिव्हची झाडं. अपोलोच्या देवळाखाली एक मोठी भिंत आहे, वेड्यावाकड्या आकाराचे दगड एकमेकांत बसवलेले, आणि तिच्यावर बारीक अक्षरात शेकडो लेख कोरलेत. बाईंनी सांगितलं ही गुलामांच्या सुटकेची कागदपत्रं आहेत, गुलामाला कागदोपत्री देवाला विकायचं आणि त्यातून तो मोकळा व्हायचा, त्याचं नाव, किंमत, साक्षीदार, सगळं दगडावर. दगडावरचे ते लेख बघून मला आमच्याकडचा एक लेख आठवला, आम्ही नाशिकचे. पांडवलेण्यात १७ नंबरच्या लेण्यात इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचा दानलेख आहे, धम्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा, आणि यवन हा शब्द आला आयोनियावरून, म्हणजे ग्रीकच. मी हे बाईंना सांगितलं, त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं.

डेल्फीच्या म्युझियममध्ये शेवटाकडे सारथी आहे, ब्राँझचा, माणसाच्या उंचीचा, इ.स.पू. ४७४ च्या सुमाराचा. भूकंपात मातीखाली गाडला गेला म्हणून वितळवायचा वाचला आणि १८९६ मध्ये सापडला. जवळ जाऊन त्याच्या पापण्यांचे केस बघा, तेही तांब्याचे घडवलेत. आणि पाय बघा, मूळ रचनेत पाय रथाच्या आत होते, खालून कुणाला दिसणारच नव्हते, तरी बोटं, नखं, शिरा सगळं घडवलंय. आईचं माहेर येवल्याचं, ती म्हणाली, पैठणी उलटी करून बघतात ना, तशी आहे ही. मूर्तीशेजारी पोझ देऊन फोटो काढू देत नाहीत, नुसत्या मूर्तीचा काढू देतात.

आता दोन-तीन कामाच्या गोष्टी. तुमची क्रूझ तुर्कस्तानात कुशादासीला थांबत असेल तर तुम्ही शेंगेनमधून, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांमधून, बाहेर पडून परत आत येता, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच मागा. शाकाहारी असाल तर 'निस्तीसिमो' हा एक शब्द पाठ करा, त्यांच्या चर्चच्या उपवासाला चालणारं, त्यात मांस, अंडं, दूध नसतं, मासा किंवा कोळंबी-ऑक्टोपससारखं समुद्रातलं काही नाही ना एवढं वेगळं विचारा. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ मिळते, यिगांदेस, आईने चारही दिवस तीच पावाबरोबर आवडीने खाल्ली.

तुम्ही महिना लिहिला नाहीये. मे किंवा ऑक्टोबर असेल तर वरचं सगळं जमेल. जुलै-ऑगस्ट असेल तर आईला घेऊन चार दिवसांतली निम्मी ठिकाणं काढून टाका, फक्त अॅक्रोपोलिस आणि डेल्फी ठेवा, दोन्ही सकाळी आठला, कारण उष्णतेची लाट आली की अॅक्रोपोलिस दुपारचे काही तास बंदच ठेवतात आणि वर सावली जवळपास नाहीच.